मामंजी मिटताना

“बाबा, ह्या चाकूंनी तुम्ही कधी काही कापलंय का?”

विचारून टाकलं एकदाचं. रविवारची सकाळ, बैठकीच्या खोलीत टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं, त्यावर चाकू ओळीनं निजवलेले, भोवती चार पुरुष आणि त्यांचे अर्धे झालेले चहाचे कप. विचारताना माझा आवाज हलला नाही हे मी सगळ्यात आधी बघून घेतलं, कारण खरी पैज तीच होती. प्रश्न काय, कुणीही विचारेल. आदल्या दिवशी माझ्या दोन मैत्रिणी शाळेचा तक्ता रंगवायला घरी आल्या होत्या. एक उंटीण, जिला शेवटच्या बाकावर बसवतात, कारण पुढे बसली तर मागच्यांना फळा दिसत नाही. आणि दुसरी वकील, जी तोंड उघडते ते हरकत घ्यायलाच. बाबा तेव्हा कचेरीला निघाले होते. निघण्याआधी ते कपाटाचा मधला खण ओढून उभे राहतात आणि आज कुठला, आज कुठला असं करत बोट फिरवतात, लग्नाला निघालेल्या बाईनं कानातली निवडावीत तसं. त्यांनी एक उचलला, नखानं पातं उघडलं, खिडकीच्या उजेडात धरलं, मिटलं, पँटच्या उजव्या खिशात टाकलं आणि वरून थोपटलं, बाळ निजवल्यासारखं. दार लागल्यावर उंटीण म्हणाली, “काका काय करतात गं?” मी म्हटलं, “विम्याच्या कचेरीत आहेत.” “मग तिथं चाकूनं काय कापतात? हप्ते?” दोघी इतक्या हसल्या की तक्त्यावर निळा रंग सांडला. मीही हसले, पण जरा उशिरा. आख्खं आयुष्य मी त्या खणाशेजारी काढलं आणि हा साधा प्रश्न मला पडला नाही, आणि ही उंटीण पहिल्यांदा घरात येते काय आणि नेमका त्याच सैल फरशीवर पाय ठेवते काय. “विचार ना त्यांना, लाव पैज,” वकील म्हणाली, “पण सगळ्यांसमोर. एकटं गाठून विचारलंस तर आम्ही धरणार नाही.”

तर विचारलं. बाबांनी कप खाली ठेवला, बशीत नीट मधोमध, आणि म्हणाले, “कधीच नाही.” ज्या अभिमानानं लोक मी आयुष्यात दारूला शिवलो नाही म्हणतात, त्याच अभिमानानं. बाकीच्यांच्या माना हलल्या. दातवाले काका, म्हणजे कोपऱ्यावर ज्यांचा दातांचा दवाखाना आहे ते, माझ्याकडे वळून म्हणाले, “अगं कानसेन, कापायला स्वयंपाकघरात सुरी असते. हे कोरे आहेत. कोरे.” पंपवाले काका म्हणाले, “वा.” त्यांचा पेट्रोलपंप आहे आणि ते ‘वा’ सोडून फारसं काही बोलत नाहीत, बहुतेक दिवसभर हवा भरून भरून दमत असतील. मास्तरांना ऐकू आलं नव्हतं. ते भूगोलाचे निवृत्त मास्तर, दोन्ही कानांत यंत्रं, तरी समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसतात. ते पुढे वाकले. “काय म्हणाली पोर?” दातवाले काका त्यांच्या कानाशी ओरडले, “विचारतेय, कधी काही कापलं का म्हणून.” मास्तर हसले. “चांगला प्रश्न आहे,” म्हणाले, आणि पुन्हा हातातल्या चाकूकडे बघायला लागले. मी मनात उंटिणीला आणि वकिलीणबाईंना नमस्कार ठोकला. पैज जिंकले होते. पण जिंकल्यावर जो एक हलकेपणा येतो तो आला नाही. बाबा ‘कधीच नाही’ म्हणाले तेव्हा त्यांचा उजवा हात खिशावर गेला होता, आणि खिसा रिकामा होता, कारण रविवारी सगळे चाकू कापडावर असतात. रिकामा खिसा थोपटणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते आणि तो माझा बाप होता.

ह्या चौघांना आई ‘धारकरी मंडळ’ म्हणते, त्यांच्यामागे. मंडळाचे नियम आहेत. रोज खिशात एक तरी मिटता चाकू हवा, जुन्या घडणीचा, हातानं घडवलेला, शिंगाच्या नाहीतर लाकडाच्या मुठीचा. रस्त्यात कुणी रिकाम्या खिशानं सापडला तर चौघांचा चहा त्याच्याकडे. आणि त्या चाकूनं काही कापायचं नाही. दोरा नाही, पाकीट नाही, सफरचंद तर नाहीच, सफरचंदानं पातं काळं पडतं म्हणे. रोज बाळगायचा, रविवारी फडक्यानं पुसायचा, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा, परत मिटायचा. ह्याला ते छंद म्हणतात. मला विचाराल तर चार पुरुषांनी मिळून स्वतःच्या मांडीला लावून घेतलेलं वजन आहे ते, नाहीतर वाऱ्यानं उडून जातील. बाबा रस्त्यानं चालतात तेव्हा उजवा पाय किंचित जास्त जोरात पडतो. लहानपणी मला वाटायचं, शूर माणसं अशीच चालत असतील. मग एकदा पुस्तकांचं कपाट आलं, सुटं, जाड खोक्यात, वरून प्लास्टिकच्या पट्ट्या आवळलेल्या. बाबा दारात उकिडवे बसून घराच्या किल्लीनं ती पट्टी खरवडत होते. खरवडतायत, खरवडतायत, कपाळावर घाम, आणि माल आणणारा माणूस पावतीवर सही घ्यायला खोळंबलेला. पँटच्या खिशात चाकूचा आकार स्पष्ट दिसत होता. शेवटी आई आतून कात्री घेऊन आली, एक शब्द न बोलता कचकच पट्ट्या कापल्या आणि निघून गेली. आई दवाखान्यात रक्ताचे नमुने घेते. दिवसभर माणसांना टोचते, आणि घरी आल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. बाबांनी आयुष्यात कुणाला टोचलं नाही आणि दर रविवारी धारेवर बोलतात.

आणि मी? मी त्या मंडळाची शेपूट होते. नाही, शेपूट नव्हे, तुतारी. आज स्वतःचीच लाज वाटते, पण मला ते आवडायचं. मी टेबलाखाली बसायची, कापडाची हिरवी झालर डोळ्यांवर, आणि वर चाकू मिटत असायचे. प्रत्येक चाकू मिटताना वेगळा वाजतो हे मला कुणी शिकवलं नाही. पण ते मला येतं हे ज्याला कळलं तो माणूस म्हणजे मास्तर. तेव्हा त्यांचे कान शाबूत होते. त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं आणि म्हणाले, “ए पोरी, आत्ता वाजला तो कुठला?” मी म्हटलं, “बोका.” कारण चाकूंना नावं होती, बहुतेक आईनं थट्टेत ठेवलेली आणि ह्या लोकांनी गंभीरपणे उचललेली. बोका, मुकी, थोरली, आणि मामंजी. बोका गुरगुरून मिटायचा. मुकीचा आवाजच नाही, नुसता हवेचा एक घोट. आणि मामंजी, काळ्या शिंगाचा, बुटका, उघडताना दहा मिनतवाऱ्या करायला लावणारा आणि मिटताना एकदाच, कोरडा, तुटक, घसा साफ केल्यासारखा. सासरा दारात आला आहे हे सुनेला कळावं म्हणून करतात ना, तसा. मास्तरांनी माझे डोळे रुमालानं बांधले आणि मी एकामागून एक सगळे ओळखले. त्या दिवशी पंपवाले काका दोनदा ‘वा’ म्हणाले. तेव्हापासून मंडळात अदलाबदल व्हायची झाली की चाकू माझ्या पाठीमागे मिटून दाखवायचा. पोरीनं नाव घेतलं की सौदा पक्का. सांधा सैल झालेला, पातं दाबून धरणारी आतली पट्टी बदललेली, पातं दुसऱ्याच मुठीत बसवलेलं, सगळं कानाला कळतं म्हणे. दातवाल्या काकांच्या भाषेत मी ‘मंडळाचा शिक्का’. शिक्क्याला कुणी विचारत नाही तुला कागद पटला का. मी हे सगळं ह्या वर्षी पहिल्यांदा असं सरळ बघते आहे. शाळेत वादविवादाच्या दिवशी मी स्टेजवर उभी राहिले, समोरच्याची फेफे उडवली आणि खाली आले तेव्हा माझा आवाज माझा होता. तेव्हापासून मला सगळ्यांचे आवाज ऐकू यायला लागले आणि बहुतेक पोकळ निघाले.

प्रश्न विचारला त्याच रविवारी, उठायच्या वेळी, मास्तरांनी कापडावरचा मामंजी उचलला. मिटलेलाच होता, सकाळपासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मास्तरांनी तो तळहातावर तोलला आणि बाबांकडे बघून म्हणाले, “हा मला द्या. मी जुळी देतो.” जुळी म्हणजे मास्तरांचा दोन पात्यांचा चाकू, हस्तिदंतासारख्या पिवळट हाडाच्या मुठीचा. बाबा त्याच्याकडे इतकी वर्षं बघत आले आहेत की आईनं एकदा विचारलं होतं, तिला घरी आणायची का. बाबांचा चेहरा एका क्षणात भाजल्यासारखा झाला. “का हो, एकदम?” मास्तर म्हणाले, “यंत्रं लावली तरी आता धड काही येत नाही. सगळं एकसारखं खडखडतं. पण ह्याचं मिटणं मला अजून आठवतं. चांगलं लख्ख ऐकलेलं ते शेवटचं असावं बहुतेक. खिशात असला, हात लागला, की डोक्यात वाजेल आपोआप. म्हटलं, तेवढं तरी.” असं म्हणून ते ओशाळं हसले, एखाद्यानं जास्त खाल्लं की हसावं तसं. बाबा म्हणाले, “पुढच्या रविवारी. रीतीप्रमाणे.” आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. शिक्का कुठे आहे, आहे ना जागेवर.

दुपारी मी माझ्या खोलीत तक्ता पुरा करत होते. बाबा शेजारच्या खोलीत. खण ओढल्याचा आवाज आला, मग फडक्याचा, मग थांबणं. आणि मग मामंजी मिटला. मिटला तो मामंजीच, पण घसा साफ करून झाल्यावर त्याच्या मागून आणखी काहीतरी आलं, बारीक, ओलसर, लोंबतं. शेपूट आली होती त्याला. माझा हात तक्त्यावर तसाच राहिला. बाबांनी परत उघडला, परत मिटला. परत शेपूट. परत उघडला. तेल सोडलं असावं, कारण मग शेपूट आणखीच ओली झाली. भिंतीच्या पलीकडे माझा बाप एक आवाज पुसायचा प्रयत्न करत होता आणि भिंतीच्या अलीकडे मी बसले होते.  असं मला एकदाच वाटलं होतं, लहान असताना आत्याच्या घरी, जेव्हा आत्याच्या नवऱ्यानं हसता हसता अख्खी दातांची कवळी काढून हातात धरली होती आणि तोंड एकदम दुसऱ्याच माणसाचं झालं होतं.

स्वयंपाकघरात आई कांदा चिरत होती. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि म्हटलं, “मामंजीला काय झालंय?” सुरी थांबली. “कुठल्या?” “खणातल्या. तुझे मामंजी मी बघितलेसुद्धा नाहीत.” आई म्हणाली, “तुला कुणी सांगितलं?” “कुणी नाही. शेपूट आलीय त्याला.” आई माझ्या कानांकडे बघत राहिली, जणू ते आत्ताच उगवले होते. मग तिनं सुरी बाजूला ठेवली आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे, तर हसत होती. “तू सहलीला गेली होतीस बघ, तेव्हाची गोष्ट. मी खिडकीला रंग लावत होते. डब्याचं झाकण निघेना. चमचा वाकला. हे दारात उभे. म्हटलं, अहो, एवढं लोखंड मांडीला बांधून फिरता, आज तरी त्याचा उपयोग करा. आणि केला.” “म्हणजे?” “म्हणजे काढला खिशातून, पातं झाकणाखाली घातलं आणि दिला जोर. टण्णकन वाजलं. आतली पट्टी तुटली. झाकण मात्र निघालं बरं का. एका दणक्यात निघालं.” “आणि बाबा?” “बसले तिथंच फरशीवर. डबा उघडा, नाकाला पांढरा रंग, आणि हातात लुळा पडलेला चाकू. मला एवढं हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती.” तिनं परत सुरी उचलली. “मग कुठूनतरी शहराच्या टोकाचा कात्र्या दुरुस्त करणारा शोधला आणि पट्टी बदलून आणली, तेव्हापासून उघडला म्हणून नाही. मंडळात बोलायचं नाही, म्हणाले. चाकूनं काम केलं आणि चाकू मोडला, दोन्हीची लाज.” कांद्याचे काप पडत राहिले. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “खरं सांगू? त्या दिवशी मला आवडले होते ते. काहीतरी केलं होतं ना माणसानं.”

मला हे आवडलं नाही. मला हवा होता एक सरळसोट भेकड बाप, ज्यानं कधीच काही कापलं नाही. त्याला मी ऐटीत तुच्छ लेखू शकत होते, शाळेत त्याच्या नकला करू शकत होते. हा मध्येच नाकाला रंग लागलेला, फरशीवर बसलेला माणूस कुठून आला? पण मग सकाळचं ‘कधीच नाही’ आठवलं, ते बशीत मधोमध ठेवलेल्या कपासारखं नीट, आणि माझा तिरस्कार परत जागेवर आला, उलट आणखी टोकदार होऊन. न वापरणारा माणूस निदान खरा असतो. ह्यानं एकदा वापरला आणि तेवढंच लपवलं. आयुष्यातली एकमेव खरी गोष्ट उचलून फरशीखाली पुरली आणि वर उभं राहून सांगतो की बघा, किती स्वच्छ फरशी.

आठवडाभर मी बाबांच्या मागे डोळे लावून होते. जेवताना ते भाकरीचा तुकडा मोडायचे आणि मला वाटायचं, बघा, मोडता येतं ह्यांना. शाळेत वकिलीणबाईंनी विचारलं, काय म्हणाले काका? मी म्हटलं, म्हणाले कधीच नाही. तिनं हरकतही घेतली नाही, नुसती हसली, आणि मला तिचं ते हसणंही बुळबुळीत वाटलं. एका संध्याकाळी बाबा कागद आणायला माझ्याबरोबर स्टेशनरीच्या दुकानापर्यंत आले. दिवे लागत होते, दुकानदार बाहेरची खेळणी आत घेत होता. मी चालता चालता म्हटलं, “मास्तरांना सांगणार ना?” “काय?” “पट्टीचं.” त्यांचा उजवा पाय आणखी जोरात पडायला लागला. मग ते म्हणाले, “आईनं सांगितलं?” “नाही, मामंजीनं.” ते हसले नाहीत. “मूठ तीच आहे,” म्हणाले, “पातं तेच आहे. आतली एक पट्टी. तुझ्या दातवाल्या काकांनी खोटा दात बसवला म्हणून माणूस बदलतो का?” “मग सांगा ना तसं.” “सांगितलं तर मास्तर जुळी देतील का?”  मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे मी कुणालाही सांगितलेलं नाही, उंटिणीलाही नाही. ते म्हणाले, “आणि त्यांना काय फरक पडतो? त्यांना ऐकू कुठे येतंय?” दुकानदारानं विचारलं, किती ताव देऊ. बाबा म्हणाले, “चांगल्यातला द्या हो, पोरीच्या शाळेचा आहे.” त्याच तोंडानं, त्याच दमात. मी दुकानाच्या काचेत आम्हा दोघांना बघितलं. नाक सारखंच आहे. जिवणीसुद्धा.

रविवारी मंडळ वेळेवर जमलं. दातवाल्या काकांनी चहा ओढत फर्मावलं, “चला, शिक्का हजर करा.” मी खुर्चीत बसले, पाठ टेबलाकडे. डोळ्यांवर मास्तरांनी रुमाल बांधला, नेहमीसारखी सैल गाठ, केस अडकू नयेत म्हणून बोटानं बाजूला सारून. मग ते येऊन माझ्या समोर बसले. मला दिसत नव्हतं पण कळलं, कारण त्यांच्या कानातलं यंत्र बारीक कुईकुई करतं. ते माझ्यासमोर का बसतात ते मला त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं, कौतुकानं. त्यांना आवाज ऐकू येत नाही, तो त्यांना माझ्या तोंडावर दिसतो. चाकू मागे मिटतो आणि मास्तर माझ्या चेहऱ्यावर ऐकतात. आधी दोन-चार इकडचे तिकडचे वाजवायचे अशी रीत आहे. पंपवाल्या काकांनी वाजवले. “थोरली,” मी म्हटलं. “बोका.” मग हवेचा घोट. “मुकी.” “वा.”  कुणीतरी कप सरकवला. बाबा कुठे उभे होते ते माहीत नव्हतं, पण त्यांचा श्वास कुठे आहे ते माहीत होतं. आणि मग तो मिटला. घसा साफ झाला आणि मागून शेपूट आली, तेलानं माखलेली, सरपटत, अगदी माझ्या मानेवरून गेली.

मी काय विचार केला ते मला आठवतं, आणि ते अजिबात चांगलं नाही. बाबांची कीव आली असती तर बरं झालं असतं. मास्तरांची आली असती तर आणखी बरं. मी विचार केला की ‘हा मामंजी नाही’ म्हटलं तर दातवाले काका म्हणतील, चुकली, कानसेन चुकली, पहिल्यांदाच चुकली. आणि मला ते सोसणार नाही. एवढंच. माझी मूठ, माझं पातं, माझा न हलणारा आवाज, आणि आत कुठेतरी एक बदललेली पट्टी. “मामंजी,” मी म्हटलं. आवाज मुळीच हलला नाही. स्टेजवर होता त्याहून चांगला निघाला. टाळ्या पडल्या. मी रुमाल वर ढकलला तेव्हा मास्तर माझ्या चेहऱ्यावरून नजर काढत होते, सावकाश, वाचून झालेलं पुस्तक मिटावं तशी. त्यांनी जुळी कापडावर ठेवली, बाबांकडे सरकवली, मामंजी उचलला, उघडला, कानाशी नेला आणि मिटला.  मास्तरांचे डोळे भरले होते. “आला,” ते म्हणाले, “अगदी तसाच.” दातवाले काका खिडकीबाहेर बघायला लागले. पंपवाल्या काकांना ‘वा’ म्हणणंही सुचलं नाही. बाबांनी जुळी खिशात टाकली आणि वरून थोपटली.

जाताना मास्तर जिन्यात थांबले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तू आहेस म्हणून चाललंय हो माझं.” मी नुसतं हसले. जिन्याच्या कठड्याला हात धरून ते खाली उतरत गेले, एक हात कठड्यावर आणि एक खिशावर. मी वरून बघत होते आणि मला वाटत होतं की आपण ह्या सगळ्यांवर किती वरून बघत होतो. उंटिणीवर, वकिलीणबाईंवर, दातवाल्यावर, ह्या पंपवाल्या ‘वा’वर, बाबांवर तर रोज. एवढ्या उंचीवर उभं राहून मी काय केलं, तर तेच, जे खालच्या माणसानं केलं. तेही त्याच्याहून सफाईनं. बाबांचा हात निदान खिशाकडे जातो. माझं काहीच कुठे गेलं नाही.

जेवायला बसलो. आईनं ताटं वाढली. बाबांनी जुळी ताटाशेजारी ठेवली होती, एक पातं अर्धं उघडून, आणि घासागणिक तिच्याकडे बघत होते. “दुसरं पातं जरा घट्ट आहे,” ते म्हणाले, “पण सुटेल हळूहळू.”  मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “छान झालं आज.”  मी तोंडातला घास पाण्याबरोबर ढकलला आणि म्हटलं, “मला ऐकू आलं होतं.”

बाबांनी मान वर केली. आईनं नाही केली.

“शेपूट आहे त्याला. तुम्ही तेल घातलंत त्यानं आणखी वाढली. मला पहिल्या झटक्यात कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?” बाबा म्हणाले. आवाज बारीक होता, पण त्याला धार होती. मी त्यांच्या आवाजात ती पहिल्यांदा ऐकली. “नाव तूच घेतलंस ना? तुझ्याच तोंडानं? मी तुला म्हटलं होतं का घे म्हणून?”

“नाही.”

“मग झालं तर.”

“अगं, जाऊ दे ना आता,” आई म्हणाली. “एवढे खुशीत गेले बिचारे. बघितलंस ना तू, डोळ्यांत पाणी होतं. कशाला त्यांचं सुख हिरावून घेतेस? कुणाचं काय नुकसान झालंय?”

मी आईकडे बघितलं. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि तेच मला सगळ्यात घाण वाटलं. तिघं मिळून आम्ही एका बहिऱ्या माणसाला त्याच्या सुखासाठी फसवणार होतो आणि वर भात घेणार होतो. “त्यांनी चाकू ऐकलाच नाही,” मी म्हटलं. “ते माझ्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं तसंच करतात. ते चाकूला नाही, मला विचारत होते.”

बाबांनी जुळीचं पातं मिटलं. चांगली वाजली, दोन पात्यांचे चाकू भरीव वाजतात. मग त्यांनी ती उचलली नाही, ताटाच्या कडेला तशीच राहू दिली. “माझी मंडळातली पत जाईल,” ते म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. “दातवाला आयुष्यभर टोमणे मारील.”

“मारू दे,” मी म्हटलं. “मलाही मारील.” माझा आवाज आता चांगलाच हलत होता, सगळ्या बाजूंनी, आणि मी त्याला हलू दिलं. “उद्या शाळा सुटली की मी मास्तरांच्या घरी जाणार आहे. जुळी घेऊन. समोर बसणार, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल. आधी माझं सांगणार, की ऐकू आलं होतं आणि तरी नाव घेतलं. रंगाच्या डब्याचं तुमचं तुम्ही येऊन सांगायचं, बाबा. नाही आलात तर तेही मीच सांगेन.”